जखमी खेळाडूचा होकार आणि प्रशिक्षकाचे उत्तरदायित्व

खेळताना दुखापत होते. त्यात कोणाचा दोष असतोच असे नाही. परंतु दुखापत झालेल्या मुलाला मैदानाबाहेर घ्यावयाचे की पुन्हा खेळावयास पाठवावयाचे, हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो; आणि निर्णय आला की त्याच्यामागोमाग उत्तरदायित्वही येते. प्रस्तुत लेखात या उत्तरदायित्वाचा विचार अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या आधारे करावयाचा आहे. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत इतक्या दूरच्या खेळाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. एक कारण असे की या खेळातील दुखापती, मृत्यू, चौकश्या, न्यायालयीन निकाल आणि बदलत गेलेले नियम यांची शंभराहून अधिक वर्षांची लेखी नोंद उपलब्ध आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला अशी नोंद पुष्कळ काही शिकवून जाते. दुसरे कारण आपल्या घराच्या अधिक जवळचे आहे; ते लेखाच्या उत्तरार्धात येईल.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायांनी खेळला जाणारा फुटबॉल नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरावयाचे आणि प्रतिपक्षाने त्याला अंगावर झेपावून खाली पाडावयाचे, असा हा खेळ. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर कवच. पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळणे हा येथे नियमभंग मानला जात नाही; खेळाचा गाभाच तो आहे. हा खेळ तेथील विद्यापीठांमध्ये अफाट लोकप्रिय आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांतून कोट्यवधी डॉलर मिळतात. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती राज्यपाल नसते, कुलगुरूही नसते. ती असते राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक. आणि हा सारा डोलारा ज्यांच्या शरीरावर उभा असतो ती मुले साधारणतः अठरा ते बावीस वर्षांची असतात.

या मुलांच्या दृष्टीने प्रशिक्षक म्हणजे सर्वस्व. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, सराव किती वेळ चालणार, पाणी केव्हा मिळणार, हे तो ठरवतो. शिष्यवृत्तीचेही तेच. १९७३ पासून कित्येक वर्षे खेळाडूंची शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे आणि तिचे नूतनीकरण बहुतांशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राही. २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली आणि २०१५ पासून पाच मोठ्या विद्यापीठ-गटांनी खेळातील कामगिरी वा दुखापत या कारणावरून शिष्यवृत्ती काढून घेण्यास मनाई केली. एवढी साधी गोष्ट नियमात येण्यास चार दशके लागली, ही बाब ध्यानात ठेवावी.

ज्या माणसाच्या हाती एवढी सत्ता आहे त्याने जखमी मुलाला ‘कसं वाटतंय?’ असे विचारले, आणि मुलाने ‘मी ठीक आहे, सर’ असे उत्तर दिले, तर त्या उत्तराचे मोल किती? माझ्या मते फारच थोडे. आणि त्या उत्तराचा आधार घेऊन प्रशिक्षकाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फुटबॉल खेळताना इतके तरुण मृत्युमुखी पडत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्या खळबळीतून १९०६ मध्ये विद्यापीठांची एक संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली जाते. काही विद्यापीठांनी त्याहून कठोर पाऊल उचलले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०५ च्या मोसमानंतर फुटबॉल बंदच केला, तो १९१५ पर्यंत. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले तेव्हा तेथे विद्यापीठाचा फुटबॉल संघ नव्हता. डेव्ही आणि सेलिग्मन यांच्यासारखे अध्यापक तेव्हा तेथे शिकवत होते. संघ नाही म्हणून त्या विद्यापीठाची कीर्ती काही उणावली नाही. खेळावाचून विद्यापीठ चालते, याचा तो दहा वर्षांचा पुरावाच म्हणावयाचा. खेळ बंद करावा असे मला सुचवावयाचे नाही. परंतु खेळ आणि मुलाचा जीव यांत निवड करण्याची वेळ आली तर निवड करता येते आणि संस्था त्यातून तगते, एवढे त्यातून दिसते.

एन.सी.ए.ए.चा जन्म खेळाडूंच्या मृत्यूंतून झाला. तरीही, २०११ मध्ये मेरीलँड राज्यातील फ्रॉस्टबर्ग येथे सरावात डोक्याला इजा होऊन दगावलेल्या एका खेळाडूच्या कुटुंबाने दावा लावला, तेव्हा याच संघटनेने न्यायालयात लेखी भूमिका घेतली की खेळाडूंचे संरक्षण करण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. शंभर वर्षांत संस्था मोठी झाली आणि जबाबदारी मात्र कागदावर लहान होत गेली.

आता १९२३ मधील एक घटना पाहू. आयोवा स्टेट महाविद्यालयाच्या संघातला जॅक ट्राइस हा त्या संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अमेरिकेतील गुलामगिरी संपून तेव्हा साठ वर्षेही झाली नव्हती. ट्राइस पशुसंवर्धनाचे शिक्षण घेत होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना आपल्या ज्ञानाचा उपयोग व्हावा, असा त्याचा मानस होता. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटा विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात आरंभीच त्याचे हासळीचे हाड मोडले. विचारले असता आपण ठीक आहोत असे सांगून तो खेळत राहिला. उत्तरार्धात तो खाली पडला आणि प्रतिपक्षाचे खेळाडू त्याच्या अंगावरून गेले. त्याला मुद्दाम तुडवले की तो अपघात होता, याविषयी आजही मतभेद आहेत. रुग्णालयाने त्याला प्रवासास योग्य ठरवले, संघाबरोबर तो आगगाडीने परतला आणि ८ ऑक्टोबरला अंतर्गत रक्तस्रावाने मरण पावला. वय अवघे एकवीस. अंत्यसंस्कारापूर्वी त्याच्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने ती लिहिली होती. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची प्रतिष्ठा उद्या पणाला लागली आहे, असा तिचा आशय होता. आज आयोवा स्टेटच्या मैदानाला त्याचेच नाव आहे. पण पूर्ण मैदानाला ते नाव मिळण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

ट्राइसच्या ‘मी ठीक आहे’ या शब्दांमागे काय होते, हे त्या चिठ्ठीवरून कळते. जो समाज एखाद्या दारातून प्रथमच आत येतो, त्या समाजाच्या मुलाला केवळ स्वतःपुरते खेळता येत नाही. तो थकला तर त्याची जात थकली, तो कण्हला तर त्याचा वंश दुबळा, असा हिशेब बघणारे मांडतच असतात. अशा मुलाने दुखते म्हणून सांगावे तरी कसे? स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांनी आपल्या घरातून पहिल्यांदा महाविद्यालयाची पायरी ओलांडली, त्यांना हे ओझे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ज्याच्या हाती संघ आहे त्याने अशा मुलाच्या होकाराकडे दुप्पट सावधपणे पाहिले पाहिजे. मोडलेले हाड होकार देत नसते.

कायद्याने या मुलांना कसे वागवले, तेही पाहण्यासारखे आहे. कामावर असताना मजूर जखमी झाला तर मालकाचा दोष सिद्ध न करताही त्याला भरपाई मिळावी, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर रुजत गेले. आपल्याकडील कामगार नुकसानभरपाई कायदाही १९२३ चाच. मग शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात विद्यापीठासाठी खेळणारा मुलगा मजूर ठरतो का? १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुइस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालयाचा फुटबॉल हा काही व्यवसाय नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. याच काळात एन.सी.ए.ए.ने खेळाडूंसाठी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला. संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात मान्य केले की खेळाडू नोकर ठरू नयेत, या धास्तीतून तो शब्द आला. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉलड्रेप सामन्यात जखमी होऊन कायमचा पंगू झाला. त्याचाही भरपाईचा दावा अखेर २००० मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने फेटाळला. शब्द किती काम करतात पाहा. ‘विद्यार्थी’ म्हटले की मजुराचा हक्क जातो, आणि ‘खेळाडू’ म्हटले की विद्यार्थ्याला मिळावयाची माया जाते. दोन्हीकडून मुलगाच उघडा पडतो.

या उघड्या जागेत प्रशिक्षक उभा असतो. तो कसा वागू शकतो याची अलीकडची तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण मिशिगनचे. २७ सप्टेंबर २०१४ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात शेन मॉरिस या खेळाडूला जबर धडक बसली. तो उठला तो लडखडतच; सहकाऱ्याच्या आधाराने उभा राहिला. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यांना ते स्पष्ट दिसत होते. तरी पुढच्या डावाला तो मैदानातच होता. त्यानंतर त्याला बाहेर घेतले खरे, परंतु बदली खेळाडूचे शिरस्त्राण निघाल्यामुळे नियमानुसार त्याला एक डाव बाहेर जावे लागले आणि मॉरिसला पुन्हा आत पाठवण्यात आले. प्रशिक्षक ब्रेडी होक यांचे म्हणणे असे की आपली नजर चेंडूवर होती, धडक आपण पाहिलीच नाही. मॉरिसचा घोटा दुखावला आहे, एवढेच आपल्याला वाटत होते. तीन दिवसांनी विद्यापीठाने मान्य केले की त्याच्या मेंदूला सौम्य हादरा बसला असण्याची शक्यता आहे. मोसमाच्या अखेरीस होक यांना काढले, पण त्यामागे संघाच्या सात पराभवांचा भार मोठा होता.

होक खोटे बोलले असे मी म्हणत नाही. सामन्याच्या धामधुमीत प्रशिक्षक चेंडूच पाहणार, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच चेंडूऐवजी मुलांकडे पाहणारा दुसरा कोणीतरी तेथे हवा, आणि त्याचा शब्द प्रशिक्षकाच्या वर हवा. ‘मी पाहिले नाही’ हे सबब म्हणून पुरेसे नाही. पाहण्याची व्यवस्था करणे हेही त्याचे काम होते. या घटनेनंतर मिशिगन ज्या गटात आहे त्या बिग टेन गटाने सामन्यावर वरून लक्ष ठेवणारा स्वतंत्र वैद्यकीय निरीक्षक नेमण्याचा निर्णय घेतला आणि खेळ थांबवण्यासाठी पंचांशी थेट बोलण्याचा अधिकार त्याला दिला.

दुसरे उदाहरण इलिनॉय विद्यापीठाचे. मे २०१५ मध्ये एका माजी खेळाडूने जाहीर तक्रार केली की प्रशिक्षक टिम बेकमन जखमी खेळाडूंना खेळण्यास भाग पाडतात. विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकरवी चौकशी केली. दुखापत सांगण्यापासून खेळाडूंना परावृत्त करणे आणि उपचारांबाबतच्या वैद्यकीय निर्णयांवर दबाव आणणे, असे निष्कर्ष पुढे आले आणि मोसम सुरू होण्यास आठवडा उरलेला असताना २८ ऑगस्ट २०१५ रोजी बेकमन यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी हे आरोप नाकारले. या प्रकरणाचे महत्त्व असे की कोणी मरण पावले नव्हते, कोणी पंगूही झाले नव्हते. तरीही केवळ भीतीचे वातावरण निर्माण करणे हा पदच्युतीस पुरेसा दोष मानला गेला. उत्तरदायित्व मृत्यूनंतरच मोजावयाचे असते, हा समज त्यामुळे मोडला.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखद. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू. २९ मे २०१८ रोजी सरावात ११० यार्डांच्या दहा धावा घ्यावयाच्या होत्या. त्या धावतानाच त्याला त्रास सुरू झाला. तो उष्माघात होता. परिश्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, मुलगा असंबद्ध बोलू लागतो वा चिडतो, आणि मिनिटागणिक यकृत, मूत्रपिंड, मेंदू निकामी होत जातात. त्यावरचा उपचार महागडा नाही. बर्फ घातलेल्या पाण्याच्या टाकीत मुलाला तात्काळ बुडवून ठेवावयाचे. आधी थंड करावयाचे, मग रुग्णालयात न्यावयाचे. अर्ध्या तासाच्या आत हे केले तर जीव वाचण्याची शक्यता अतिशय मोठी असते. त्या दिवशी हे झाले नाही. त्याचे आतले तापमान मोजले गेले नाही, त्याला थंड पाण्यात ठेवले गेले नाही. लक्षणे दिसल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला, असे विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञाने नोंदवले. १३ जून रोजी जॉर्डन मरण पावला.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी त्याच्या आईवडिलांना भेटून माफी मागितली आणि विद्यापीठाची कायदेशीर व नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. संघाच्या वातावरणाची चौकशी करणाऱ्या दुसऱ्या समितीने ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. प्रश्न साचत गेले, कारण बोलण्यास खेळाडू घाबरत होते, हा त्यातील मर्माचा निष्कर्ष. मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना नियामक मंडळाने ३० ऑक्टोबरला पदावर कायम ठेवले. विद्यार्थी आणि लोकप्रतिनिधी संतप्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी लोह यांनी त्यांना काढले. २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने जॉर्डनच्या नावाने खेळाडूंच्या सुरक्षिततेचा कायदा केला.

डर्किन यांनी स्वतः काही वैद्यकीय चूक केली नाही, असा युक्तिवाद तेव्हा झाला. त्या दिवशी सराव घेणारे दुसरे होते, उपचार करणारेही दुसरे होते. यातच खरा प्रश्न आहे. विजयाच्या वेळी संघाची संस्कृती घडवल्याचे श्रेय मुख्य प्रशिक्षक घेतो; मग त्याच संस्कृतीत एक मुलगा ‘मला जमत नाही’ म्हणू शकला नाही, तर त्याचा वाटाही त्याला घ्यावा लागेल. श्रेय वर जाते आणि दोष खाली उतरतो, ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे न्याय्य ठरेल. पहिला आक्षेप असा की खेळाडू सज्ञान आहे, त्यालाच खेळावयाचे असते. त्याला रोखणारे आपण कोण? परंतु संमतीला अर्थ येतो तो नकार देण्याची सोय असेल तेव्हा. नकार दिला तर संघातील जागा जाईल, लेचापेचा म्हणून हिणवले जाईल, हे ज्याला माहीत आहे त्याचा होकार स्वतंत्र नसतो. शिवाय मेंदूला हादरा बसला असेल तर ज्या इंद्रियाने निर्णय घ्यावयाचा तेच जखमी असते. अशा अवस्थेत दुसरा हादरा बसला तर तो प्राणघातक ठरू शकतो. त्या क्षणी मुलाला विचारून निर्णय घेणे म्हणजे जखमी साक्षीदारालाच न्यायाधीश करणे होय.

दुसरा आक्षेप असा की कष्ट सोसल्याविना माणूस घडत नाही. हे खरे आहे, आणि मी स्वतः शिस्तीचा कैवारी आहे. परंतु थकवा आणि दुखापत यांतला भेद ओळखणे हीच तर प्रशिक्षकाची विद्या. तो भेद ज्याला करता येत नाही त्याने दुसऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा घेऊ नये. तिसरा आक्षेप, प्रशिक्षक डॉक्टर नाही. अगदी बरोबर, म्हणून तर निर्णय त्याच्या हातून काढून घेतला पाहिजे. २०१० मध्ये एन.सी.ए.ए.ने नियम केला की मेंदूला हादरा बसल्याचे निदान झालेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. २०१६ मध्ये पाच मोठ्या गटांनी खेळाडूच्या उपचाराचा आणि पुनरागमनाचा अंतिम अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिला. प्रशिक्षकाला त्यात हस्तक्षेप करता येणार नाही, असे ठरवले. तरी २०१८ मध्ये जॉर्डन गेला. नियमाने अधिकार डॉक्टरकडे दिला, परंतु मुलाने तोंड उघडले तरच डॉक्टरला कळणार. तोंड उघडण्याचे धैर्य मुलाला देणे वा त्याच्याकडून हिरावून घेणे अजूनही प्रशिक्षकाच्याच हाती आहे. ते कोणत्याही नियमाने त्याच्याकडून काढता येत नाही, म्हणून त्याचे उत्तरदायित्वही संपत नाही.

आता ते दुसरे कारण. सप्टेंबर २००६ मध्ये टेक्सासमधील राइस विद्यापीठात डेल लॉइड हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय खेळाडू सरावातील लागोपाठच्या धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो सिकलसेलचा वाहक होता आणि ते कोणालाही माहीत नव्हते. वाहक व्यक्ती एरवी सामान्य जीवन जगते, खेळूही शकते. पण विश्रांतीविना अतिश्रम, उष्मा आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की क्वचित तिच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो. पाय गळून जातात आणि मुलगा कोसळतो. पाहणाऱ्याला वाटते, आळस करतो आहे. डेलच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाने लढा दिला आणि २०१० पासून एन.सी.ए.ए.च्या प्रथम श्रेणीत खेळाडूंची सिकलसेल तपासणी आवश्यक झाली.

विदर्भातील आदिवासी, तसेच अनुसूचित जातींच्या आणि बौद्ध कुटुंबांमध्ये सिकलसेल वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे, हे येथील वाचकांस ठाऊक आहे. टेक्सासच्या मैदानावर कोसळलेल्या त्या मुलाचे रक्त आणि आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे रक्त एकाच व्याधीची खूण वाहते. आपली मुले कबड्डी-खो-खो खेळतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पोलीस भरतीच्या व सैन्यभरतीच्या तयारीसाठी धावतात. त्यांतील बहुतेक जण आपल्या घराची आशा खांद्यावर घेऊन आलेले असतात, आणि ‘जमतंय ना?’ असे विचारले की ‘होय सर’ हेच उत्तर देतात. निवासी शाळेत तर सायंकाळी घरी गेल्यावर लंगडणारा पाय पाहणारी आई नसते. ते पाहण्याचे काम आईवडिलांनी आपल्यावर सोपवलेले असते.

म्हणून तीन मागण्या मांडतो. पालकांनी मुलाच्या सिकलसेल तपासणीचा निकाल शाळेपासून लपवू नये. उद्या सोयरीक जुळताना अडचण येईल या भीतीने तो दडवला जातो, हे मला माहीत आहे, पण मैदानावर ती दडवणूक जिवावर बेतू शकते. शाळांनी ती माहिती क्रीडाशिक्षकापर्यंत गुप्तता राखून पोहोचवावी आणि तिच्या आधारे कोणाही मुलाला खेळातून वगळू नये. वाहक मुलाला हवी असते ती मधली विश्रांती, पाणी आणि हळूहळू वाढवलेला सराव. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज डॉक्टर, परिचारिका वा क्रीडाशिक्षक आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस देऊन शिक्षकांना उष्माघाताची, मेंदूच्या हादऱ्याची आणि सिकलसेलमुळे कोसळण्याची लक्षणे शिकवावीत. मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेले पिंप आणि जवळच बर्फाची सोय असावी. जवळच्या रुग्णालयाचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. आणि कोणत्याही मुलाला खेळ थांबवावयास सांगण्याचा अधिकार मैदानावर हजर असलेल्या प्रत्येक शिक्षकाला असावा. मग तो शिक्षक पदाने कितीही कनिष्ठ असो आणि सामना कितीही रंगात आलेला असो.